‘बाबांना सांग, पान वाढलंय’

त्या बाई आल्या त्या पोटाची तक्रार घेऊन. वर्षभर अ‍ॅसिडिटी, झोप नाही, छातीत धडधड. एंडोस्कोपीत काही निघालं नाही, ईसीजी साफ. मग फॅमिली डॉक्टरांनी माझ्या नावाची चिठ्ठी दिली. मनोविकारतज्ज्ञाकडे यायचं म्हणून बाई आधीच थोड्या नाराज होत्या.

‘‘घरी कसं काय?’’

‘‘सगळं ठीक आहे. फक्त आमचं बोलणं नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘ह्या वेळी ना? नऊ दिवस झाले.’’

‘ह्या वेळी’ हे दोन शब्द मी कागदावर लिहून ठेवले. (ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत.)

अबोला आपल्याकडे कुणाला आजार वाटत नाही. रुसवा आणि अबोला यांत मात्र मोठा फरक आहे. रुसलेल्या माणसाला कुणीतरी येऊन समजूत काढावी असं वाटत असतं, दार किलकिलं असतं. अबोल्यात दाराला आतून कडी असते आणि शिक्षा दोघंही भोगतात. या घरात तिसरंही भोगत होतं. सातवीतली मुलगी. ‘‘बाबांना सांग, पान वाढलंय.’’ ‘‘आईला सांग, भूक नाही.’’ एका टेबलाच्या दोन टोकांमधली ही टपालसेवा. हल्ली त्यात व्हॉट्सअ‍ॅपची भर पडली आहे. निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही.

पुढच्या भेटीला नवरा आला. दोघांचीही मागणी एकच होती, ‘‘डॉक्टर, जरा समजावा.’’ समजवायचं अर्थातच समोरच्याला. जोडपी येतात ती निकाल घ्यायला. निकाल लागत नाही म्हटल्यावर काही जण पुन्हा येतही नाहीत. आम्ही विचारतो भलतंच. शेवटचं भांडण सांगा, पण क्रिकेटच्या रिप्लेसारखं, सावकाश. आधी कोण काय म्हणालं? मग तुम्ही काय केलंत? तेव्हा अंगात काय झालं?

यांचं भांडण नणंदेच्या मुलाच्या मुंजीतल्या आहेरावरून झालं होतं. रक्कम नवऱ्याने परस्पर ठरवली. बाईंनी विचारलं, तो ‘बघू’ म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, त्याने मोबाइल हातात घेतला. बाईंचा आवाज चढला, ‘तुमच्या माणसांसाठी बरे पैसे निघतात’. तो उठून गॅलरीत गेला. यांनी बेडरूमचं दार लावलं. नऊ दिवस.

हे सगळं कागदावर गोल काढून मांडलं, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘हे गप्प बसतात म्हणून मला ओरडावं लागतं.’’ तो म्हणाला, ‘‘ही ओरडते म्हणून मी गप्प बसतो.’’ दोघांचंही खरं होतं. मानसशास्त्रात हा साचा चांगला अभ्यासलेला आहे. मी त्याला मागणी आणि माघार म्हणतो. एक जण जितका मागे लागतो तितका दुसरा मागे सरतो, आणि तो जितका सरतो तितका पहिला पुढे येतो. थेरपीत आमच्या दृष्टीने पेशंट असतो तो हा गोल. नवरा किंवा बायको नव्हे.

गप्प बसणारा माणूस थंड असतो, हा एक गैरसमज. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या अंगाला यंत्रं लावून त्यांना मतभेदाच्या विषयावर बोलायला बसवलं. बाहेरून दगडासारखी दिसणारी माणसं आतून उसळलेली होती. हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की ऐकून घेणं आणि विचार करणं अवघड होतं. हे ऐकताना त्या नवऱ्याचे डोळे भरून आले. वडील संतापी. ते घरी आले की हा कोपऱ्यात जाऊन पुस्तक उघडायचा. गप्प राहिलं की मार चुकतो, हे तो आठव्या वर्षी शिकला होता. बाईंच्या माहेरी उलटं. आई रागावली की दिवसच्या दिवस लेकीशी बोलायची नाही. म्हणून शांतता पसरली की त्यांच्या पोटात गोळा यायचा. तेच पोट एंडोस्कोपीला गेलं होतं.

लहानपणी जवळच्या माणसांशी जे नातं जमतं, त्याचा ठसा पुढच्या नात्यांवर राहतो, हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये आई-मुलांच्या जोड्यांचं निरीक्षण करून त्याला पुराव्याचं बळ दिलं. पण ठसा म्हणजे जन्मकुंडली नव्हे. माणूस मोठेपणीही बदलतो. नाहीतर माझा धंदा केव्हाच बसला असता.

बदलतो कसा? नुसतं कळून नाही. ‘मला सगळं कळतं हो, पण ऐन वेळी जमत नाही’ हे मी रोज ऐकतो. ऐन वेळेची तालीम लागते. पहिली तालीम शब्दांची. अल्बर्ट एलिस यांचा आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेला विवेकनिष्ठ मानसोपचार सांगतो की आपल्याला पेटवते ती आपली हट्टी मागणी. मराठीत ती मागणी एका अक्षरात सापडते, ‘च’. ‘त्यांनी मला विचारायलाच हवं होतं.’ ‘तिने असं बोलताच कामा नये.’ मी घरचा अभ्यास म्हणून आठवडाभर स्वतःचे ‘च’ मोजायला सांगतो. मोजताना हसू येतं, आणि हसू आलं की पकड थोडी सैल होते. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, विचारलं नाही याचं वाईट वाटलं, हे वाक्य बोलता येण्याजोगं आहे. ‘च’वालं वाक्य फक्त फेकता येतं.

दुसरी तालीम थांबण्याची. डोकं तापलं की थांबावंच, निदान वीस मिनिटं. पण न सांगता गॅलरीत जाणं हा अबोला झाला. ‘‘मला आत्ता बोलता येत नाही, साडेनऊला बोलू’’ हा विराम. साडेनऊला मात्र यायचं. पहिल्या दोन आठवड्यांत हे महाशय आले नाहीत आणि परिस्थिती आधीपेक्षा बिघडली. हे बहुतेक घरांत होतं, घाबरू नये. तिसऱ्या खेपेला ते पावणेदहाला आले. बाईंनी तोवर आहेराचा विषय बाजूला ठेवून खरी गोष्ट सांगायचा सराव केला होता, ‘‘या घरात मला कुणी मोजत नाही असं वाटलं.’’ त्यावर उत्तर काय द्यायचं हे त्याला सुचलं नाही. पण तो उठून गेला नाही.

मुलीला त्याच दिवशी टपालाच्या नोकरीतून मोकळं केलं. चार महिन्यांत नऊ दिवसांचा अबोला एका संध्याकाळवर आला. भांडणं होतात. अ‍ॅसिडिटीची गोळी कधीमधी लागते.

हे मावशी किंवा मित्र का करू शकत नाहीत? कारण ते प्रेमापोटी बाजू घेतात. आणखी एक कारण आहे. घरचा साचा थेरपीच्या खोलीतही उमटतो. मनाला लागेल असं काही बोललो की अबोला धरणारा माणूस पुढची वेळ न कळवता चुकवतो. चांगला थेरपिस्ट ते रागावर न नेता त्याच्यावर बोलतो, आणि दुखावल्यावर परत येण्याचा पहिला अनुभव अनेकांना तिथे मिळतो. म्हणून जोडीदार यायला तयार नसेल तरी एकट्याने जावं. गोलातल्या एकाने पाऊल बदललं की दुसऱ्याला जुनंच पाऊल टाकणं कठीण जातं.

जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, पैसे किंवा फोन काढून घेतला जातो, तिथे यातलं काहीच लागू नाही. तिथे दोघांना एकत्र बसवणं धोक्याचं असतं. खोलीत बोललेल्याचा सूड घरी घेतला जातो. अशा बाईला ‘तुमचाही काही वाटा असेल’ म्हणणारा समुपदेशक सोडून द्यावा. आधी सुरक्षितता. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा शिव्या आणि आर्थिक कोंडीलाही हिंसाच मानतो. दारू किंवा खोल नैराश्य असेल तर त्यावरचे उपचार आधी किंवा सोबत हवेत.

जायचं कुणाकडे? मनोविकारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. भेट साधारण तासाभराची असते. आठ ते वीस भेटी धराव्यात, गुंता जुना असेल तर जास्त. खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जा. केंद्र सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला जाताना गेल्या महिन्यातलं एक भांडण लिहून न्या. लग्नापासूनचा इतिहास नको, मोठं भांडणही नको. दुधाच्या पिशवीवरून झालेलं चालेल. कोण काय म्हणालं ते क्रमाने लिहा, आणि स्वतःची वाक्यं गाळू नका.