संगणक चालवा कमी विजेवर, कमी आवाजात

मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते आणि तेथील टाटांच्या केंद्रात १९२७ पासून मुंबईसाठी वीज तयार होते. पण पावसाळ्यात तारेवर एखादी फांदी पडली की खुद्द मुळशी तालुक्यात अंधार! पौड-पिरंगुटकडे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारांना हे वेगळे सांगायला नको. गिऱ्हाईकाचा अर्ज अर्धा भरलेला असतो आणि यूपीएस ओरडू लागतो. अशा वेळी मोठा यूपीएस घ्या, असा सल्ला मिळतो. आमच्या मते आधी संगणकाचा खर्च कमी करावा.

हिशेब साधा आहे. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे ८४ वॉट-तास. संगणक व मॉनिटर मिळून ११० वॉट घेत असतील तर कागदावर पाऊण तास होतो. प्रत्यक्षात निम्माही मिळत नाही, कारण घाईने उपसलेली बॅटरी कमी देते. भार ७० वॉटवर आला तर हा वेळ दीडपटीहून अधिक वाढेल. शिवाय रोज दहा तास व वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२० युनिट वाचतील. दर आपल्या बिलावर पाहून गुणाकार करावा.

सर्वांत मोठी बचत प्रोसेसरमध्ये आहे. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. टायपिंग, हिशेब, अर्ज यांना त्याची गरज नसते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करावी. बहुतेक संगणकांत एवढ्यानेच टर्बो बंद होतो. बायोसमध्ये वॉटची मर्यादा घालण्याची सोय असल्यास ६५ ची ४५ करून पाहावी. हाताने व्होल्टेज उतरवण्याचा उद्योग मात्र कमाईच्या संगणकावर नको. जरा जास्त उतरले की यंत्र भर कामात बंद पडते. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवल्यास पाच-सहा वॉट आणि तिची घरघर दोन्ही जातात.

आता पंखा. वीज कमी तर उष्णता कमी आणि पंखाही आपोआप हळू फिरतो. लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा १२० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरवावा. हवा तेवढीच, आवाज बराच कमी. बायोसमध्ये ५० अंशांपर्यंत मंद आणि ७५ अंशांना पूर्ण वेग असे लावून ठेवावे. समोरून खाली हवा आत, मागून वर बाहेर, हा मार्ग मोकळा हवा. डबा भिंतीला चिकटवणे किंवा चालू असताना त्यावर प्लॅस्टिक टाकणे चुकीचे. आपल्याकडे पावसाळी दमटपणात धूळ जाळीवर चिकटून थर धरते, म्हणून जूनपूर्वी एकदा आणि दिवाळीत एकदा सफाई करावी. त्या वेळी प्लग काढावा, पाते बोटाने धरूनच हवा मारावी. तीन-चार वर्षांची थर्मल पेस्ट असेल तर बदलून घ्यावी.

एवढे करूनही यूपीएस लवकर बसत असेल तर त्याला लेझर प्रिंटर जोडला आहे का, ते पाहा. तापताना तो कित्येकशे वॉट ओढतो. त्याची जागा भिंतीवरच्या साध्या सॉकेटला.