वही वाचणारं माणूस हवं

"मुलीत मोटिव्हेशन नाही." दहावीच्या काळात हे वाक्य माझ्याबद्दल इतक्या वेळा बोललं गेलं की शेवटी शेजारच्या काकूही भाजी निवडता निवडता आईला तेच ऐकवायला लागल्या. मूळ वाक्य काकूंचं नव्हतं. ज्या होमस्कूल मार्गदर्शन केंद्राला आम्ही वर्षाची फी आगाऊ भरली होती, त्यांचं होतं. केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. तिथे काय झालं ते मात्र लिहिणार आहे, कारण घरी शिकणारी जी जी मुलं मला द्रोणागिरीत, उलव्यात, पनवेलला भेटली, त्यांतल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे आणि बहुतेकांना ते खरंही वाटतं.

मी आठवीनंतर शाळेत गेले नाही. का, ते इथे सांगत बसत नाही. घरच्यांना कारण पटलं होतं, तेवढं पुरे. दहावी एनआयओएसमधून करायचं ठरलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: १९८९ साली सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात. नोकरी करून शिकणाऱ्यांना ही सवलत मोठा आधार आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला घरात एकटीला बसवून "नऊ संधी आहेत" असं सांगितलं, तर आजचा धडा आजच का वाचायचा, याचं उत्तर तिच्याकडे उरत नाही.

बाबांची ड्युटी बंदरात, शिफ्टची. ते रात्रपाळी करून झोपलेले असले की घरात आवाज करायचा नाही. आई सकाळी डब्यांच्या ऑर्डरमध्ये. आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा निम्मे फ्लॅट बंद होते, माझ्या वयाचं कुणी नव्हतं. अकरा वाजता विज्ञानाचं पुस्तक उघडायचं आणि खाली रस्त्याने जाणाऱ्या ट्रेलरचा आवाज ऐकत बसायचं. पुस्तक वाचलं काय, नाही वाचलं काय, संध्याकाळ तशीच येते. शाळेत बाई कितीही कंटाळवाण्या असोत, वही त्यांच्या टेबलावर जाते आणि त्या ती उघडतात. घरी शिकणाऱ्या मुलाचं सगळ्यात मोठं नुकसान वर्गमित्र नसणं हे नव्हे. वही कुठेच जात नाही, हे आहे.

नेमकं हेच आपण करू, असं त्या केंद्राने सांगितलं होतं. ॲपवर रोजचं लिखाण टाकायचं, विषयाच्या मॅडम तपासणार, आठवड्याला फोन करणार. डेमोच्या दिवशी त्यांनी लाल शेऱ्यांनी भरलेली एक वहीसुद्धा दाखवली. आईला ती वही फार आवडली होती.

सुरुवातीला मी खूप लिहिलं. उत्तराखाली प्रश्नही विचारायचे. "हे पुस्तकात असं आहे, पण व्हिडिओत वेगळं सांगितलंय, बरोबर काय?" एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. गुण मात्र नियमित यायचे, शेरेही यायचे, आणि सोबत पहाटे चारला उठणाऱ्या यशस्वी लोकांचे व्हिडिओ. हळूहळू माझी उत्तरं आखूड झाली. मग दोन-दोन दिवस लिखाण राहायला लागलं, मग आठवडा. मॅडमचा फोन आईला यायचा: "आम्ही सगळं देतोय हो, पण आतून यायला हवं ना. तुमच्या मुलीत मोटिव्हेशन नाही." फोन स्पीकरवर असायचा. त्यांना ते माहीत होतं.

मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, ही गोष्ट मला अजून सलते. मी आळशी आहे, असं मी स्वतःशी म्हणायला लागले होते.

एका संध्याकाळी वनस्पती अन्न कसं तयार करतात याचं उत्तर लिहीत होते आणि वीज गेली. वाक्य अर्ध्यात तुटलं, "पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील" इथपर्यंत. मोबाइलच्या उजेडात त्याच पानाचा फोटो काढला, पुढचं उद्या लिहू म्हणून तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं. दहापैकी नऊ. खाली शेरा: "उत्तम! असंच चालू ठेव."

मी ते कितीतरी वेळ बघत बसले. सूर्यप्रकाशातील काय? हा साधा प्रश्न, जो तिसरीतल्या मुलालाही पडला असता, तो तपासणाऱ्याला पडलाच नव्हता, कारण तिथवर कुणी आलंच नव्हतं. मग मी मागचं एकेक काढायला लागले. एक फोटो आडवा आणि इतका धूसर होता की माझं मलाच वाचता येईना. नऊ. गणिताच्या जागी चुकून मराठीचा निबंध गेला होता. नऊ. "उत्तम! असंच चालू ठेव." माझे सगळे न सुटलेले प्रश्न उत्तरांच्या तळाशी तसेच पडून होते. तारखा जुळवून पाहिल्या, तर माझं लिखाण कमी व्हायला लागलं ते बरोबर प्रश्नांना उत्तर येत नाही हे दिसल्यानंतर. मी आळशी नव्हते. पलीकडे कुणी नव्हतं, आणि ते मला आतून जाणवत होतं. शब्दांत सांगता येत नव्हतं इतकंच.

आईने फोन लावला. मॅडम आधी म्हणाल्या, ॲपची गडबड असेल. मग म्हणाल्या, "ताई, इतक्या मुलांचं इतकं लिहिलेलं कोण वाचत बसणार? परीक्षेत कामाचं तेवढं आम्ही करून घेतो." आईने विचारलं, मग फी कशाची घेतली? तेव्हा आवाज बदलला. घरी शिस्त नाही, मुलीला शाळेतून काढण्याचा निर्णयच चुकला, ज्या मुलांचे पालक लक्ष देतात त्यांचं उत्तम चाललंय, असं सगळं ऐकवलं. वाचायचं काम ज्यांचं, त्यांनी वाचलं नाही आणि शिस्त आईला शिकवली. शेवटी समजुतीच्या सुरात एक गोष्ट सुचवली: टीएमए आमच्याकडे तयार असतात, तिने फक्त आपल्या अक्षरात उतरवायचे. टीएमए म्हणजे एनआयओएसचे स्वाध्याय, ज्यांना २० टक्के गुण असतात. काही धडे तर त्या स्वाध्यायांसाठीच वेगळे काढलेले असतात. आम्ही नाही म्हटलं. फी परत मिळाली नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं.

याच काळात नातेवाइकांकडून एक नाव सतत यायचं: मालविका राज जोशी. मुंबईची मुलगी, सातवीत शाळा सोडली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळवला. "ती बघ, तिला कुणी सांगावं लागलं का?" मामा म्हणायचा. मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. तिला आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळाली होती, दोन रौप्य, एक कांस्य. त्या स्पर्धेत प्रोग्रॅम लिहून पाठवला की तो चालतो की नाही, कुठे अडतो, हे लगेच कळतं. तिच्या प्रत्येक प्रयत्नाला उत्तर मिळत होतं. शिवाय तयारीची शिबिरं होती, शिकवणारे होते. तिची बुद्धी मोठीच, त्यात वाद नाही. पण तिच्या नावाने घरोघरी मुलांना टोमणे मारणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

आणि घरी शिकणं हे काही कालपरवाचं खूळ नाही. पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या, शाळेचं तोंड न बघता संस्कृत शिकल्या, त्या आईकडून, लक्ष्मीबाईंकडून. लक्ष्मीबाईंना दिवसभर घरकाम असायचं, म्हणून त्या मुलीला पहाटे अंधारातच उठवून पाठ देत. मला त्यातलं पहाटे उठणं महत्त्वाचं वाटत नाही. लक्ष्मीबाई स्वतः समोर बसून पाठ म्हणून घेत, हे महत्त्वाचं वाटतं.

पुढे मी काय केलं? उरणजवळच्या करंज्याची एक मुलगी ओळखीची होती. तिची शाळा सुटलेली, ती १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होती. तिचा अभ्यासक्रम वेगळा, माझा वेगळा. तरी आम्ही ठरवलं की दर शनिवारी वह्या बदलायच्या. वाचायचं, आणि जिथे कळलं नाही तिथे लाल पेनने "कळलं नाही" एवढंच लिहायचं. गुण द्यायचे नाहीत, "छान" लिहायचं नाही. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि हे फार सोपं झालं. आमच्या द्रोणागिरीहून उरण पुढचंच स्टेशन. गाड्या थोड्या, एक चुकली की बराच वेळ थांबावं लागतं, त्यामुळे शनिवारची वेळ आपोआप पक्की झाली. शुक्रवारी रात्री मी जितकं लिहायचे तितकं त्या केंद्राच्या व्हिडिओंनी कधी लिहून घेतलं नाही. पहिल्या शनिवारी तिने माझ्या एका पानावर चार ठिकाणी "कळलं नाही" लिहिलं होतं. घरी येऊन मी ते पान पुन्हा लिहिलं, कुणी न सांगता. नंतर उरणच्या एका निवृत्त सरांनी महिन्यातून एकदा आमचं गणित बघायचं कबूल केलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी.

एनआयओएसची नोंदणी स्वतःच्या मोबाइल नंबरने आणि स्वतःच्या ईमेलवर करा. "आम्ही भरून देतो" म्हणणारे आपला नंबर टाकतात आणि मग पासवर्डपासून हॉल तिकिटापर्यंत सगळ्यासाठी त्यांच्या दारात उभं राहावं लागतं. माझा पासवर्ड परत मिळवायला जो मनस्ताप झाला तो कुणाला होऊ नये. तुमचं अधिकृत अभ्यास केंद्र एनआयओएसच नेमून देतं आणि त्याची नोंद तिथल्या संकेतस्थळावर बघता येते. बाहेर बोर्ड लावून बसलेला क्लास म्हणजे ते केंद्र नव्हे. अनेकांना हा फरक माहीत नसतो आणि तो कुणी मुद्दाम सांगत नाही.

फी महिन्याची द्या. वर्षाची एकदम भरली की तुमच्या मुलाची वही वाचायचं कारण त्यांच्याकडे राहत नाही. पहिल्याच आठवड्यात एक उत्तर मुद्दाम चुकीचं लिहून पाठवा. पकडलं तर पुढे जा. शेरा "उत्तम" आला तर तिथेच थांबा. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार नोंदवा. आम्हाला हे उशिरा कळलं.

पाचही विषय एका परीक्षेत द्यायलाच हवेत असं नाही. दोन आधी, बाकीचे पुढच्या खेपेला, असं चालतं. मी तसंच केलं. पहिल्या दोन विषयांचा निकाल हातात आल्यावर उरलेल्या तिन्ही विषयांची भीती गेली. परीक्षेची फी भरून टाका, तारीख भिंतीवर लावा. नऊ संधी आहेत हे विसरा.

आईबाबांना एक सांगणं आहे. पास झालीस तर नवा फोन घेऊ, असं म्हणू नका. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना जोडायची कोडी दिली, काहींना ती सोडवल्याबद्दल पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्याच मुलांचा कोड्यांतला रस पहिल्यापेक्षा कमी झालेला दिसला. आमच्याकडे फोनचं आमिष होतं. मी धडे संपवत होते, पण फोनसाठी. धड्यात काय होतं ते दुसऱ्या दिवशी आठवत नव्हतं.

बाकी झोप नीट घ्या, अभ्यासाला बसताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, घराबाहेर पडा, थोडं चाला. हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. वेळापत्रकाचे रंगीत तक्ते मात्र माझ्या काही कामाला आले नाहीत. आणि "मन लागलं की बसेन" असं म्हणू नका. शनिवारी वही कुणाच्या तरी हातात पडणार आहे हे माहीत असलं की मन न लागताही माणूस बसतो, आणि बसल्यावर बऱ्याचदा लागतं.

मी पास झाले. केंद्राच्या त्या मॅडमना निकाल कळवावा असं फार वाटलं होतं, आई नको म्हणाली. नंतर त्यांच्या जाहिरातीत वाचलं, "आमचे सर्व विद्यार्थी यशस्वी". त्यात त्यांनी मलाही धरलं असेल तर ते खोटं आहे. आता बारावीचं चालू आहे. करंज्याची मैत्रीण कॉलेजात गेली, तरी शनिवार सुटलेला नाही.

उरण, द्रोणागिरी, उलवे या पट्ट्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून आणि बंदरातून निवृत्त झालेले काका-काकू आहेत. तुम्हाला शिकवावं लागणार नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये घरी शिकणारं किंवा १७ नंबरने बसणारं एखादं मूल असेल, तर आठवड्यातून एक तास त्याची वही मागून घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जिथे कळलं नाही तिथे तसं लिहा.