गर्भिणीच्या शरीराचा जमाखर्च

आमच्या शिरूर-दौंडकडील शेतकरी गाभण म्हशीचें आंबोण कोणी न सांगतां वाढवितो. घरच्या गर्भिणीचें काम व ताट मात्र पूर्वीचेंच राहतें. आम्हीं आयुष्यभर महसुलाचीं खातीं लिहिलीं. त्याच संवयीनें हाहि जमाखर्च मांडतों.

गर्भारपणांत रक्तांतील पातळ भाग जवळजवळ दीडपट होतो व मूत्रपिंडेंहि रक्त सुमारें तितक्याच प्रमाणांत अधिक गाळतात. या जलद गाळण्यांत थोडी साखर मूत्रांत उतरूं शकते. तेवढ्यावरून मधुमेह ठरवूं नये, रक्त तपासावें. प्रथिनांची गोष्ट निराळी. पांचव्या महिन्यानंतर मूत्रांत प्रथिनें दिसूं लागलीं, रक्तदाब 140/90 वर गेला, डोकें ठणकूं लागलें किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर ती बाहेरची बाधा नव्हे; पुढें झटके येऊन माता व बाळ दोघेंहि दगावण्याचा संभव असतो. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

गर्भारपणाच्या उत्तरार्धांत मातेचें शरीर स्वतः चरबी जाळून साखर बाळाकरितां राखतें. म्हणून लांबलेला उपवास तिला लवकर बाधतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानें 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गांवांत केलेल्या पाहणींत दूध, पालेभाज्या व फळें अधिक वेळां खाणाऱ्या मातांचीं बाळें जन्मतः मोठीं, तर अतिकष्ट करणाऱ्यांचीं लहान आढळलीं. आमचें दूध मात्र पहांटेसच डेअरीच्या कॅनांत जातें! घरचा तांब्या आधीं भरावा.

सरकारी आरोग्यकेंद्रांत 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेस गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. तेथें रक्तदाब व मूत्र तपासून घ्यावें; त्या दिवशीं खुरपणीचा खाडा पडला तरी चालेल.