गळ्यातला बिल्ला

(कुत्रा हरवला तर त्याला शोधता यावे, म्हणून हल्ली त्याच्या पट्ट्याला एक लहानसे यंत्र लावतात. ते कसे काम करते आणि कोठे निरुपयोगी ठरते, हे या पाठात सांगितले आहे.)

दिवाळीच्या रात्री फटाके वाजू लागले, की पाळलेली कुत्री घाबरतात. त्यांचे कान माणसाच्या कानांपेक्षा फार तीक्ष्ण असतात. कुत्रा खाटेखाली लपतो. दार उघडे मिळाले, तर वाट फुटेल तिकडे पळत सुटतो. फटाके थांबतात, तेव्हा तो अनोळखी वस्तीत असतो. त्याला घर सापडत नाही आणि घरच्यांना तो सापडत नाही.

अशा कुत्र्याला शोधण्यासाठी पट्ट्याला लावायचा 'टॅग' आता बाजारात मिळतो. ॲपल कंपनीचा एअरटॅग २०२१ साली आला. तो दिसायला कोटाच्या मोठ्या बटणासारखा असून त्याचे वजन अवघे ११ ग्रॅम आहे. त्याच्या पोटात एक चपटा सेल असतो. तो सुमारे वर्षभर पुरतो.

टॅगला आपण कोठे आहोत हे कळते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. टॅगला स्वतःचा ठावठिकाणा मुळीच ठाऊक नसतो. तो फक्त थोड्या थोड्या वेळाने रेडिओलहरींची हाक देत राहतो. ही हाक ब्लूटूथची असते. ती फार दूर जात नाही. तेवढ्या अंतरात त्याच कंपनीचा मोबाइल असलेला कोणी वाटसरू आला, तर त्याचा मोबाइल ती हाक ऐकतो. मोबाइलला आपली जागा माहीत असते. ती तो कंपनीच्या संगणकाला कळवतो आणि कुत्र्याच्या मालकाच्या मोबाइलवर, नकाशात, एक ठिपका उमटतो. आपल्या खिशातील मोबाइलने एवढे मोठे काम केले, याचा त्या वाटसरूला पत्ताही नसतो!

म्हणजे खरे काम टॅग करत नाही, आजूबाजूची माणसे करतात. मुंबईच्या गजबजलेल्या बाजारात टॅगची हाक सहज ऐकली जाते. पण माळरानावर मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगराच्या कुत्र्याला तोच टॅग बांधला, तर त्याची हाक ऐकणार कोण? शिवाय नकाशावरचा ठिपका म्हणजे शिळी बातमी असते. दहा मिनिटांपूर्वी मशिदीजवळ दिसलेला कुत्रा आता स्टेशनपर्यंत गेलेला असू शकतो.

रानावनात जीपीएसचा पट्टा लागतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की पट्ट्यातील यंत्र आपली जागा स्वतःच काढते. २००९ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढल्यावर वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात असा पट्टा बांधला. त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. त्याला माळशेज घाटात सोडले, तर हे आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचले! वाटेत रस्ते, रेल्वेमार्ग आणि खाडी लागली. त्यांचा हा प्रवास पट्ट्यामुळेच समजला.

कुत्र्यांसाठीही जीपीएसचे पट्टे मिळतात. पण ते महाग असतात आणि थोड्या थोड्या दिवसांनी चार्ज करावे लागतात. जागा कळवण्यासाठी त्यांना मोबाइलचे नेटवर्कही लागते. म्हणून शहरात बरेच लोक साधा टॅगच घेतात. मात्र तो पट्ट्यात घट्ट शिवलेला असावा. कुत्रा तो चावून गिळू शकतो, आणि पोटात गेलेला सेल जिवावर बेततो.

याच टॅगचा दुरुपयोगही होतो. काही लोक तो दुसऱ्याच्या पिशवीत गुपचूप टाकून त्याचा माग काढतात. अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असला, तर आता मोबाइल तशी सूचना देतो. ती सूचना कधी आलीच, तर घरच्या मोठ्या माणसांना लगेच सांगावी.

मला विचाराल, तर टॅगच्या आधी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचा फोन नंबर कोरलेला पितळी बिल्ला हवा. टॅग कुत्रा कोठे आहे हे फार तर मालकाला सांगेल; पण ज्याच्या दारात कुत्रा थरथरत उभा आहे, त्याला तो कोणाचा हे बिल्लाच सांगतो. २०२३ साली मुंबई विमानतळाबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधले गेले. तो कोड मोबाइलने टिपला, की कुत्र्याचे नाव, त्याला दिलेली लस आणि त्याला खाऊ घालणाऱ्याचा फोन नंबर दिसतो. या बिल्ल्याला सेल लागत नाही.

स्वाध्याय

१. टॅगची हाक माळरानावर कोणी का ऐकत नाही?
२. 'नकाशावरचा ठिपका म्हणजे शिळी बातमी' असे लेखकाने का म्हटले आहे?
३. 'वाट फुटेल तिकडे पळणे', 'जिवावर बेतणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या मोहल्ल्यात एखादा हरवलेला कुत्रा आला, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा ओळी लिहा.