रोग पायांत, पण जपा छातीला

आपल्या अंगात हाडे आहेत. हाडांवर मांस आहे. या मांसाच्या जोरावर आपण चालतो, ओझे उचलतो, घास चावतो. या मांसाला डॉक्टर स्नायू म्हणतात.

काही माणसांचे स्नायू हळूहळू झिजत जातात. या रोगाचे नाव मस्क्युलर डिस्ट्रॉफी. नाव अवघड आहे. दोनदा मोठ्याने वाचा, म्हणजे जमेल. कोणी याला स्नायूंचा क्षय म्हणतात. पण हा टीबी नव्हे. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पोराला जवळ घ्या, त्याच्या ताटात जेवा, काही होत नाही.

या रोगाचे बरेच प्रकार आहेत. लहानपणी जास्त आढळतो तो डुशेन प्रकार. डुशेन हे फ्रान्समधले डॉक्टर. हा रोग बहुतेक मुलग्यांनाच होतो. मूल तीन-चार वर्षांचे झाले की ध्यानात येते. ते सारखे पडते. उठताना मांडीवर हात टेकून उठते. पोटऱ्या मात्र जाड दिसतात. आजी म्हणते, "पोर चांगलं गुटगुटीत आहे, उगाच आळस करतंय." तो आळस नव्हे. त्याला जोर-बैठका काढायला लावू नका. पुढे बारा वर्षांच्या आसपास चालणे थांबते.

हा रोग मुळातून बरा करणारे औषध अजून नाही. म्हणून काही घरे दवाखान्याचा रस्ताच सोडतात. हे मला मुळीच पटत नाही. कारण सगळ्यांचे लक्ष पायांकडे असते, आणि धोका असतो छातीत. हृदय हाही स्नायूच आहे. श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात. तेही झिजतात.

आपल्या मानकोलीत गोदामे पुष्कळ. हमाली करणाऱ्याचे हृदय थकले, तर गोणी उचलताना त्याला दम लागतो. लगेच कळते. पण खुर्चीत बसलेला मुलगा गोणी उचलतच नाही. मग त्याला दम लागणार कधी? त्याचे दुखणे लपून राहते. म्हणून तक्रार नसली तरी दर वर्षी ईसीजी आणि इको ही हृदयाची तपासणी करून घ्यावी. हृदयाचे औषध डॉक्टर पुष्कळदा त्रास होण्याआधीच सुरू करतात.

श्वासाचा त्रास आधी रात्री होतो. झोपेत श्वास उथळ पडतो. मुलगा सारखा जागा होतो. सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते. घरचे म्हणतात, पित्त झाले. पित्त नव्हे ते! नळीत फुंकर मारायला लावून डॉक्टर छातीची ताकद मोजतात. गरज पडली तर रात्री मुखवट्याचे यंत्र देतात. घरी आपल्या मनाने नुसता ऑक्सिजन मात्र लावू नये. त्याने कधी अपाय होतो. खोकल्याला जोर नसतो, म्हणून साधी सर्दीही छातीत उतरते. फ्लूची लस घ्यावी.

बसून बसून पाठीचा कणा वाकतो, शौचाला साफ होत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चालणे काही काळ टिकते, पण हाडे ठिसूळ होतात. म्हणून जोराची मालीश नको. आणि त्या गोळ्या एकदम बंद करू नका. ते जिवावर बेतू शकते.

हा रोग कधी आईकडून येतो, कधी नव्यानेच उपजतो. सुनेला बोल लावू नका. तिने मुद्दाम काही केलेले नाही. उलट तिचेही हृदय तपासून घ्या. अशा आयांनाही हृदयाचा त्रास होऊ शकतो.

कुठे जावे? आधी भिवंडीच्या नाहीतर ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. मोठ्या तपासणीसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालय आहे. ठाण्याहून लोकलने परळला उतरता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचे नाव आहे. तेव्हा दाखला मागून घ्या.

आणखी एक. हाड मोडले, ऑपरेशन ठरले, तर भूल देण्याआधी डॉक्टरांना हा रोग सांगा. भुलीची काही औषधे या मुलांना घातक ठरतात. रोगाचे नाव आणि चालू औषधे एका कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते.