विवाहविधीत काय वाजवावे?



आमच्या नेसरीकडे लग्नसराई आली की घरोघर प्रश्न निघतो, वाजवायचे काय? बाबासाहेबांनी सांगितलेला बौद्ध विवाह साधा आहे. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. मग मंगलाष्टका तरी कशाला? त्यांच्या जागी जयमंगल अठ्ठगाथा म्हणा. या गाथांत भगवान बुद्धांचे आठ विजय आहेत. पिसाळलेला नालागिरी हत्ती मैत्रीने शमला, शस्त्र उगारून धावणारा अंगुलिमाल शरण आला. पण पाली कळत नाही, म्हणून मंडपात गप्पा रंगतात. प्रत्येक गाथेचा अर्थ मराठीत एका वाक्यात सांगा. विधी संपेपर्यंत कर्णा बंद.

आता हलगीचे. काही तरुण म्हणतात, ती महारकीची खूण, नकोच! त्यांचा राग खरा आहे. गावकीच्या सक्तीने वाजवणे आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आले. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. आज आपल्याच लेकराच्या वरातीत, मजुरी ठरवून, खुशीने हलगी लावली, तिच्या ठेक्यावर वामनदादा कर्डकांची गीते गायिली, तर कमीपणा कसला? मात्र वाजवणारा मातंग बंधू असेल, तर त्याला मांडवाबाहेर ताट देऊ नका. पहिल्या पंगतीला, आपल्या शेजारी बसवा.