परिटाचा धंदा आणि यंत्राची निवड

कानडी भाषेत ‘मडिवाळ’ म्हणजे परीट. बेंगळुरूच्या दक्षिण भागातील एका गजबजलेल्या वस्तीला हेच नाव आहे, आणि बाराव्या शतकातील शरणांपैकी मडिवाळ माचिदेव हे याच व्यवसायाचे होते. आज मल्लेश्वरम्‌च्या धोबीघाटावर दगडी हौदांच्या शेजारी विजेवर चालणारी यंत्रे दिसतात. मुंबईच्या महालक्ष्मी धोबीघाटावरही तोच प्रकार आहे. घाटाबाहेर एखाद्या भाड्याच्या गाळ्यात दोन-तीन माणसांनी चालविलेली धुलाईची दुकानेही पुष्कळ आहेत. अशा दुकानदारापुढे एक प्रश्न केव्हा तरी उभा राहतोच. गाठीला थोडे भांडवल आहे, थोडे कर्ज मिळण्याजोगे आहे. तर कोणते यंत्र घ्यावे? निवड चुकली तर यंत्र कोपऱ्यात पडून राहते आणि हप्ते मात्र चालू राहतात.

या प्रश्नाचे उत्तर सहसा विक्रेत्याच्या माहितीपत्रकात शोधले जाते. खरे पाहता त्याची सुरुवात हौदातील पाण्यापासून केली पाहिजे.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसले आहे आणि शहराजवळ मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, सुमारे 500 मीटर उंच चढवून आणावे लागते. या योजनेचा पहिला टप्पा 1974 मध्ये व पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. एक हजार लिटर पाणी 500 मीटर उचलण्यास, पंपातील सर्व नुकसान बाजूस ठेवले तरी, जवळजवळ 1.4 युनिट ऊर्जा लागते. म्हणजे नळातून येणाऱ्या पाण्यात वीज आधीच खर्ची पडलेली असते. ज्या दुकानांना हे पाणी पुरेसे मिळत नाही, ती विंधण-विहिरीवर किंवा टँकरवर अवलंबून असतात. खडकांच्या भेगांतून झिरपताना या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. अशा पाण्यास दुष्फेन पाणी म्हणतात, कारण त्यात साबणास सहजासहजी फेस येत नाही.

फेस न येण्याचे कारण असे की, साबण या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनतो. तोच साका पांढऱ्या कपड्यावर करडी झाक आणतो. आता थोडा हिशेब करून पाहू. पाण्याची दुष्फेनता लिटरमागे 400 मिलिग्रॅम आहे असे धरा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने 200 ही इष्ट मर्यादा आणि दुसरी सोय नसल्यास 600 ही कमाल मर्यादा ठरविली आहे, तेव्हा 400 ही काही अतिशयोक्ती नव्हे. अशा एक हजार लिटर पाण्यातील क्षार सुमारे अडीच किलो शुद्ध साबण निकामी करतात. तेवढा साबण खर्ची पडेपर्यंत मळ काढण्याच्या कामास सुरुवातच होत नाही! हेच क्षार खाली बसविण्यास धुण्याचा निर्जल सोडा मात्र सव्वाचारशे ग्रॅम, व्यवहारात त्याहून थोडा अधिक, पुरतो. सोडा स्फटिकरूप असेल तर त्यात पाण्याचाच भाग मोठा असल्याने तो पावणेतीनपट घ्यावा लागतो. सोडा आधी पाण्यात विरघळवून थोडा वेळ थांबावे आणि मगच साबण घालावा. दोन्ही एकदम टाकले तर लाभ अर्धवट राहतो. आधुनिक अपमार्जक चूर्णांना दुष्फेन पाण्याचा त्रास साबणापेक्षा कमी होतो. अजिबात होत नाही असे नाही.

आपल्या पाण्याची जात ओळखण्यास प्रयोगशाळेचीच गरज नाही. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भराव्यात, एकीत पावसाचे पाणी व दुसरीत विहिरीचे. साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजून घालावेत आणि बाटल्या जोराने हलवाव्यात. टिकाऊ फेस येण्यास किती थेंब लागले यावरून दोहोंतील अंतर कळते. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग करता येईल. अंतर फार मोठे असेल व रोजचे काम भरपूर असेल, तर आयन-विनिमयाने पाणी सुफेन करणारे उपकरण विचारात घ्यावे. त्यातील राळ कॅल्शियम धरून ठेवते व बदल्यात सोडियम सोडते. राळ पुन्हा कार्यक्षम करण्यास मिठाचे पाणी लागते आणि ते खारे पाणी शेवटी गटारात जाते. दिवसाला दहा-वीस किलो कपडे धुणाऱ्यास सोड्याचा डबा पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

पाण्यानंतर कपडा. रेशीम हे आपल्या केसांप्रमाणेच प्रथिनांचे बनलेले असते. सोडा, गरम पाणी आणि क्लोरीनयुक्त विरंजक ही तिन्ही त्यास घातक आहेत. म्हैसूर रेशमाची साडी ज्या शहरात घरोघर आहे तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण अशी एक साडी बिघडली तर महिन्याची कमाई भरपाईत जाते. शंका असल्यास शिवणीच्या आतील एक धागा काढून, सांभाळून जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागद जळल्याचा, आणि कृत्रिम धागा वितळून त्याची गुठळी होते. निरनिराळे कपडे वेगळे ठेवण्याची विद्या परिटांपाशी पूर्वापार आहेच. बिब्ब्याच्या रसाने घातलेली त्यांची खूण कितीही धुण्यांत जात नसे. मात्र तो रस अंगाला लागला की फोड येत. आज चिकटपट्टी आणि मोबाइलमधील नोंद हेच काम करतात. येथे महाग यंत्राची गरजच नाही.

आता यंत्राकडे वळू. लहान दुकानाने पहिले यंत्र घ्यावे ते धुण्याचे नव्हे, तर पिळण्याचे. कारण भौतिकशास्त्रात आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट ऊर्जा लागते. दहा किलो सुती कपडे हाताने पिळल्यावर त्यांत दहा किलो पाणी उरले आणि केंद्रोत्सारी यंत्रात फिरविल्यावर पाचच किलो उरले असे समजा. उरलेले पाच किलो पाणी उष्णतेने घालवायचे तर सव्वातीन युनिटांहून अधिक वीज जाईल. गरगर फिरवून ते काढण्यास त्याचा अल्पसा अंश पुरतो. जानेवारी ते एप्रिल बेंगळुरूचे ऊन हे काम फुकट करते. परंतु जूनपासून पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरातही तो पाठ सोडत नाही. ओले कपडे दोन दिवस कोंदट खोलीत राहिले की कुबट वास येतो आणि गिऱ्हाईक तुटते. पिळणी-यंत्र ही अडचण पुष्कळशी दूर करते.

धुलाई-यंत्र त्यानंतर. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रास वरून घालण्याच्या यंत्रापेक्षा सामान्यतः पाणी कमी लागते, आणि टँकर विकत घेणाऱ्यास हा फरक मोठा आहे. तरीही किमतीचा हिशेब कामाच्या प्रमाणात मांडावा. समजा, यंत्र 60,000 रुपयांचे आहे, पाच वर्षे टिकते आणि वर्षात 300 दिवस चालते. तर ते रोज 40 रुपये खाते. रोज 20 किलो कपडे असतील तर किलोमागे 2 रुपये. 5 किलोच असतील तर 8 रुपये. व्याज, वीज व दुरुस्ती याहून वेगळी. दुरुस्ती करणारा माणूस त्याच भागात मिळतो का, सुटे भाग किती दिवसांत येतात, ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी. आणि जमीन ओली असते हे ध्यानात ठेवून भू-जोडणी पक्की करावी व गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवावा. त्यात काटकसर नको. विरंजक आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

इस्त्रीबाबत थोडक्यात. कोळशाच्या इस्त्रीचा धूर दिवसभर तो माणूसच गिळतो. एलपीजीवर चालणारी इस्त्री आता मिळते. तमिळनाडूतील तिरुवण्णामलैच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने सौरऊर्जेवर चालणाऱ्या इस्त्रीच्या गाडीचा आराखडा केला आणि त्यासाठी तिला 2020 मध्ये स्वीडनमधील बाल-हवामान पुरस्कार मिळाला.

राहिला प्रश्न वापरलेल्या पाण्याचा. बेंगळुरूतील बेळ्ळंदूर तलावावर पांढऱ्या फेसाचे डोंगर उठत आणि 2015 ते 2018 या काळात तेथे आगीही लागल्या. फेस मुख्यतः प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्यातील अपमार्जकांचा होता. तो केवळ परिटांचा दोष नव्हता. साऱ्या शहराचे स्नानगृह व स्वयंपाकघर त्यात रिते होत होते. पुढे मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास व बागा शिंपण्यास शहराच्या जलमंडळाने बंदी घातली आणि 5,000 रुपये दंड ठेवला. लहान दुकानाने यासाठी करायचे ते साधे आहे. पाण्याच्या मोजमापाप्रमाणे सोडा व चूर्ण चमच्याने मोजून घालावे, मुठीने नव्हे. आणि खळबळण्याचे शेवटचे पाणी पिंपात साठवून पुढच्या घाणीच्या पहिल्या धुण्यास वापरावे. हे पाणी जवळजवळ स्वच्छ असते आणि त्यात थोडे चूर्णही उरलेले असते. पिंप उंचावर ठेवले तर खाली हौदात पाणी सोडण्यास दुसरा पंप लागत नाही. झाकण मात्र घट्ट असावे, नाही तर त्यात डास अंडी घालतात.